दोनशे मिनिटांचा हिशेब : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा संघ कसा बांधतात

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात एम.एस.साठी दाखल झालेला विद्यार्थी नोव्हेंबरात मित्रांच्या आग्रहाखातर बास्केटबॉलच्या पहिल्या सामन्याला जातो, मार्चपर्यंत त्याला बारा-तेरा खेळाडूंची नावे, पाठीवरचे क्रमांक आणि लकबीसुद्धा पाठ होतात, आणि पुढच्या नोव्हेंबरात तो त्याच जागेवर जाऊन बसतो तेव्हा कोर्टवरचे निम्मे चेहरे त्याच्या ओळखीचे नसतात. पदवी घेऊन गेलेले दोन-तीन जण त्याला ठाऊक असतात. बाकीचे दुसऱ्याच विद्यापीठाच्या जर्सीत टीव्हीवर दिसतात. या उलथापालथीमागे काही हिशेब असतो का, आणि तो आपल्याला घरबसल्या मांडता येईल का, असे ज्याला वाटते त्या नवख्या प्रेक्षकासाठी हा लेख आहे. विवेचन एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या पुरुषांच्या डिव्हिजन वनपुरते, म्हणजे सर्वांत वरच्या गटापुरते आहे. त्यात सुमारे ३६० संघ खेळतात.

उदाहरणे बहुतेक इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाची घेतली आहेत. मी त्या संघाकडे झुकलेला आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पर्ड्यूचे प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी बाहेरचे खेळाडू अगदी मोजून-मापून घेतले, आणि त्यामुळे कोणत्या निर्णयाचा परिणाम काय झाला, हे वेगळे काढून पाहता येते. एकाच उन्हाळ्यात दहा नवे खेळाडू आणणाऱ्या संघाबाबत हे जमत नाही.

आधी नियम, थोडक्यात

पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सर्वसाधारणपणे एक वर्ष न खेळता बसावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल ही बदली हवी असलेल्या खेळाडूंची नोंदयादी सुरू झाली. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती बसून राहण्याची अट काढली गेली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा बदली घेऊन लगेच खेळता येते. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर जाहिरातींचे पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. यालाच सगळे ‘एनआयएल’ म्हणतात. जून २०२५ मध्ये ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिल्यावर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना बास्केटबॉलमध्ये तेरा शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा उरली नाही, तिच्या जागी पंधरा खेळाडूंची मर्यादा आली. खेळाडूला पाच वर्षांच्या आत चार हंगाम खेळता येतात, हा मूळ नियम मात्र लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

पहिली पायरी : वही उघडा आणि मिनिटे मोजा

सामना ४० मिनिटांचा असतो आणि कोर्टवर पाच जण असतात, म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला २०० मिनिटे असतात. संघ पंधरा जणांचा असो वा तेरा जणांचा, हा आकडा वाढत नाही, आणि चुरशीच्या सामन्यात त्यातली बहुतेक मिनिटे आठ-नऊ जणांतच वाटली जातात. नवखा प्रेक्षक गुणांपासून सुरुवात करतो. त्याने मिनिटांपासून करावी, असा माझा आग्रह आहे. गुण प्रतिस्पर्ध्यावर, डावपेचांवर आणि त्या रात्रीच्या नशिबावरही अवलंबून असतात, पण प्रशिक्षक कोणावर किती विश्वास टाकतो हे मिनिटांतून दिसते.

हंगाम संपला की वहीत चार रकाने आखावेत: नाव, जागा, गेल्या हंगामातील सरासरी मिनिटे आणि उरलेले हंगाम. ही माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. पदवी घेणाऱ्यांच्या, एनबीएकडे निघालेल्यांच्या आणि पोर्टलमध्ये नाव घातलेल्यांच्या नावांवर काट मारावी आणि उरलेल्यांच्या मिनिटांची बेरीज करावी. समजा, एका काल्पनिक संघात पाच जण परत येत आहेत आणि त्यांची मिनिटे ३०, २६, १८, १२ आणि ६ आहेत. बेरीज ९२ झाली. म्हणजे १०८ मिनिटे भरायची आहेत. त्यांतली काही मिनिटे परतणारेच घेतील, कारण १८ वाला २५ वर जाईल आणि १२ वाला १८ वर जाईल, अशी अपेक्षा अवाजवी नाही. मग उरली ९५. एवढी मिनिटे बाहेरून आणायची की शाळेतून येणाऱ्या मुलांना द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

याच वहीत आणखी एक गोष्ट पकडता येते. उन्हाळ्यात प्रत्येक नव्या खेळाडूच्या मुलाखतीत आपल्याला मोठी भूमिका मिळणार असल्याचा सूर असतो. त्या सगळ्यांना मनातल्या मनात २५-२५ मिनिटे देऊन बेरीज करून पाहावी. ती २८० वर गेली, तर पुढच्या एप्रिलमध्ये कोण पोर्टलमध्ये जाणार, याचा अंदाज सप्टेंबरातच बांधता येतो.

दुसरी पायरी : उणीव नेमकी कोणती, ते लिहून काढा

‘संघ कमजोर आहे’ हे निदान नव्हे. १७ मार्च २०२३ रोजी, हंगामाअखेरच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत, अव्वल मानांकित पर्ड्यूला सोळावे मानांकन मिळालेल्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने ६३-५८ असे हरवले. सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती दुसरीच वेळ होती. पर्ड्यूकडे सात फूट चार इंच उंचीचा झॅक ईडी होता, त्याने २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) मिळवले, आणि समोरचा संघ सरासरी उंचीने डिव्हिजन वनमधला सर्वांत बुटका होता. तरीही पर्ड्यू हरले, कारण ईडीभोवती तीन-तीन जण गोळा झाल्यावर बाहेर मोकळ्या राहिलेल्या सहकाऱ्यांनी तीन गुणांचे २६ प्रयत्न केले आणि त्यांतले फक्त ५ आत गेले. चेंडू आणणारे ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर दोघेही पहिल्या वर्षाचे होते, आणि समोरच्या चपळ गार्डांच्या, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू खेळवणाऱ्यांच्या, दडपणाखाली ते गांगरले.

अशा पराभवानंतर सगळा संघ मोडून नवा उभारावा, अशी हाकाटी होतेच. पेंटर यांनी स्मिथ, लॉयर आणि ईडी या तिघांनाही ठेवले, आणि बाहेरून एकच जण आणला. सदर्न इलिनॉय विद्यापीठात चार वर्षे खेळलेला लान्स जोन्स हा गार्ड वेगवान होता, समोरच्या गार्डला अडवणारा होता आणि बाहेरून बेधडक फटका मारणारा होता. वहीच्या भाषेत उणीव ‘दडपणाखाली चेंडू सांभाळणारा आणि बाहेरून मारणारा तिसरा गार्ड, साधारण तीस मिनिटे, एक हंगाम’ अशी होती, आणि तेवढीच भरली गेली. पुढच्या हंगामात पर्ड्यूने ३४ सामने जिंकले, ५ हरले आणि १९८० नंतर प्रथमच फायनल फोर, म्हणजे स्पर्धेची उपांत्य फेरी, गाठली. अंतिम सामन्यात कनेक्टिकटने त्यांना ७५-६० असे हरवले हेही नमूद केले पाहिजे. त्या रात्री ईडीने ३७ गुण केले, पण सगळ्या संघाने तीन गुणांचे केवळ ७ प्रयत्न केले आणि त्यांतला १ आत गेला. कनेक्टिकटने तो मार्ग ठरवून बंद केला होता.

या कथेची दुसरी बाजू मला अधिक गमतीची वाटते. फेअरली डिकिन्सनचा संघ आदल्या हंगामात २६ पैकी २२ सामने हरला होता. नवे प्रशिक्षक टोबिन अँडरसन यांनी आपल्या आधीच्या, डिव्हिजन टूमधल्या सेंट थॉमस अक्वायनस कॉलेजातून तीन खेळाडू सोबत आणले आणि त्यांच्याभोवती संघ उभा केला. पर्ड्यूविरुद्ध सर्वाधिक १९ गुण करणारा शॉन मूर त्या तिघांपैकीच होता. म्हणजे बाहेरचे खेळाडू हे फक्त श्रीमंत विद्यापीठांचे हत्यार नव्हे. प्रशिक्षकाची पद्धत आधीच अंगवळणी पडलेले तीन साधे खेळाडूही संघाचा पाया होऊ शकतात.

तिसरी पायरी : कोणती जागा तरुणांसाठी राखायची

माझे साधे गणित असे आहे की, जी गोष्ट बाजारात दुर्मीळ आहे ती घरी घडवावी आणि जी मुबलक आहे ती विकत घ्यावी. चांगली नेमबाजी असलेला, तीन-चार हंगाम खेळलेला गार्ड पोर्टलमध्ये दरवर्षी मिळतो. कोर्टवर टिकणारा, फाउल न करणारा, बास्केटजवळ खेळणारा उंच सेंटर क्वचित मिळतो, आणि मिळाला तर परवडत नाही.

ईडीचे चारही हंगाम मिनिटांच्या रकान्यात वाचावेत. टोरोंटोचा हा मुलगा आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे उशिरा वळला, आणि शालेय खेळाडूंच्या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या चारशेतही नव्हता. पहिल्या हंगामात त्याला सुमारे १५ मिनिटे मिळाली, दुसऱ्यात १९, तिसऱ्यात एकदम ३२ च्या घरात. गुणांची सरासरी ८.७ वरून १४.४, मग २२.३ आणि शेवटी २५.२ अशी वाढत गेली, आणि २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिल्या दोन वर्षांत त्याच्या पुढे ट्रेव्हियन विल्यम्स हा अनुभवी खेळाडू होता, त्यामुळे ईडीला थोडीच पण नेमाने मिनिटे मिळत गेली. नव्या मुलाला थेट तीस मिनिटांच्या तोंडी न देता असा पुढचा माणूस असणे ही विकासाची अर्धी तयारी होय.

ट्रे कॉफमन-रेनचा मार्ग याहून लांबचा होता. इंडियानातल्या नावाजलेल्या शालेय खेळाडूंपैकी एक असूनही तो २०२१-२२ चा पूर्ण हंगाम रेडशर्ट राहिला, म्हणजे सरावात होता पण सामन्यात उतरला नाही, आणि त्यामुळे ते वर्ष त्याच्या चार हंगामांत धरले गेले नाही. पुढची दोन वर्षे तो ईडीच्या सावलीत खेळला. ईडी गेल्यावर २०२४-२५ मध्ये त्याची सरासरी २० गुणांच्या वर गेली. आजच्या बाजारात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निघून जाणे त्याला सहज शक्य होते. तो थांबला, यात प्रशिक्षकाच्या शब्दाला असलेली किंमत दिसते.

रेडशर्टबाबत नवख्यांचा एक गोंधळ होतो. फुटबॉलमध्ये चार सामने खेळूनही रेडशर्ट टिकतो. बास्केटबॉलमध्ये तशी सवलत नाही, आणि दुखापतीचा अपवाद सोडला तर नियमित हंगामात एक मिनिट खेळला तरी तो हंगाम खर्ची पडतो. कॅन्ससच्या ओचाय अगबाजीला २०१८-१९ मध्ये रेडशर्ट ठेवायचे ठरले होते, पण संघातल्या दुखापतीमुळे जानेवारीत त्याला उतरवावे लागले. २०२२ मध्ये कॅन्सस विजेते झाले तेव्हा फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

चौथी पायरी : बाहेरच्या खेळाडूचे आकडे गाळून घ्या

लहान कॉन्फरन्समध्ये (नियमितपणे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) २० गुण करणारा मोठ्या कॉन्फरन्समध्येही २० करील, असे धरून चालू नये. तिथे चेंडू त्याच्याच हातात असायचा. इथे तो तिसरा पर्याय असेल. म्हणून गुणांपेक्षा ज्या गोष्टी कुठेही फारशा बदलत नाहीत त्या पाहाव्यात: फ्री थ्रोचे प्रमाण, दर मिनिटाला मिळणारे रिबाउंड, फाउलांची संख्या, आणि मोठ्या संघांविरुद्धच्या तीन-चार सामन्यांतली त्याची कामगिरी. अपवाद असतातच. डाल्टन कनेक्ट कनिष्ठ महाविद्यालयातून नॉर्दर्न कोलोरॅडोला आणि तिथून टेनेसीला गेला, आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्ससारख्या कठीण जागी त्याची सरासरी उलट वाढली. पण अशा अपवादावर संघ बांधू नये.

त्याउलट एकच काम पक्के येणारा खेळाडू मला नेहमी स्वस्तातला सौदा वाटतो. ओकलंड विद्यापीठाने डिव्हिजन टूमधल्या हिल्सडेलमधून जॅक गोल्की याला आणले. त्याला तीन गुणांचे फटके मारण्याखेरीज दुसरे काही करायचे नव्हते, आणि २०२४ मध्ये केंटकीविरुद्ध त्याने असे दहा फटके आत टाकले. ओकलंडने ८०-७६ असा विजय मिळवला.

सगळे घरच नवे बांधायचे झाल्यास

प्रशिक्षक बदलला की खेळाडूंना पोर्टलमध्ये जाण्यासाठी वेगळी मुदत मिळते, आणि संघ रिकामा होतो. २०२४ मध्ये मार्क पोप केंटकीला आले तेव्हा आदल्या संघातला शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू उरला नव्हता. तरी त्यांचा संघ शेवटच्या सोळांत पोहोचला. मिशिगन आणि लुइव्हिल हे दोन्ही संघ २०२३-२४ मध्ये ८ सामने जिंकून २४ हरले होते. दोन्हीकडे नवे प्रशिक्षक आले, पोर्टलमधून जवळपास नवा संघ उभा राहिला, आणि पुढच्या हंगामात दोघांनीही २७-२७ सामने जिंकले. पडझड झालेल्या घरासाठी हा मार्ग योग्यच आहे. अडचण अशी की, अनुभवी खेळाडूंपैकी अनेकांचा एकच हंगाम उरलेला असतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये वहीतली बेरीज पुन्हा शून्याजवळ येते.

२०२५ चा विजेता फ्लोरिडा हा माझ्या मते या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखा संघ आहे. त्यांचे वॉल्टर क्लेटन, अलायजा मार्टिन आणि विल रिचर्ड हे तिन्ही गार्ड शेवटच्या वर्षाचे होते आणि अनुक्रमे आयोना, फ्लोरिडा अटलांटिक आणि बेलमाँट या लहान ठिकाणांहून आले होते. पण बास्केटजवळच्या जागी अ‍ॅलेक्स काँडन आणि थॉमस हॉ हे दुसऱ्या वर्षाचे दोघे घरचे होते. गार्ड विकत आणि उंची बऱ्याच अंशी घरची, ही वाटणी तिसऱ्या पायरीतल्या गणिताशी जुळते, म्हणून कदाचित मला ती अधिक आवडत असेल.

पैसा आणि कागदपत्रे

‘हाउस’ तडजोडीनंतरच्या पहिल्या वर्षी विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर वाटण्याची मुभा होती, आणि जिथे फुटबॉल मोठा आहे तिथे त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलच घेतो. त्यामुळे फुटबॉलचा संघ नसलेले किंवा तो दुय्यम असलेले विद्यापीठ बास्केटबॉलच्या बाजारात अनपेक्षितपणे दांडगे ठरू शकते. उरलेल्या पैशाची गणना बाहेरून आपल्याला दिसत नाही, म्हणून वर्तमानपत्रांतल्या अफवांवर फार विसंबू नये.

परदेशी खेळाडूंची अडचण मात्र आपल्या मुलांना वेगळी समजवावी लागणार नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना कुठे किती काम करता येते, याची धास्ती पुण्या-नागपूरहून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला असते. कॅनडाचा ईडी देशातला सर्वोत्तम खेळाडू असतानाही त्याच व्हिसाच्या अटींमुळे सहकाऱ्यांसारखे जाहिरातींचे पैसे मोकळेपणाने घेऊ शकत नव्हता. दुसरी अडचण श्रेयांकांची. तिसऱ्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्याचे सगळे श्रेयांक नवीन ठिकाणी स्वीकारले जातीलच असे नाही, आणि पदवीकडे ठरावीक प्रगती झाली नाही तर तो खेळण्यास अपात्र ठरतो.

शेवटची पायरी : एप्रिल

पोर्टलमध्ये नाव घालण्याची मुदत २०२३ मध्ये ६० दिवसांची होती, २०२४ मध्ये ४५, आणि २०२५ मध्ये २४ मार्च ते २२ एप्रिल अशी ३० दिवसांची. खेळाडूने लेखी कळवल्यावर विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव नोंदवायचे असते. त्याआधी दुसऱ्या संघाने त्याच्याशी बोलणे नियमबाह्य आहे. हा नियम किती पाळला जातो, हे नाव नोंदवल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाहीर होणाऱ्या निर्णयांवरून ज्याचे त्याने ओळखावे. या दिवसांत वही रोज उघडावी लागते, कारण गळती स्थिर संघांनाही लागते. पर्ड्यूचा मेसन गिलिस २०२४ मध्ये ड्यूकला गेला. २०२५ मध्ये मायल्स कोल्व्हिन वेक फॉरेस्टला आणि कॅमडन हाइडी टेक्ससला गेला.

२०२४ च्या उन्हाळ्यात पर्ड्यूने पोर्टलमधून एकही खेळाडू घेतला नाही. ईडीच्या जागी शाळेतून आलेला, तेवढ्याच उंचीचा डॅनियल जेकबसन उभा राहील, असा बेत होता. हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, खेळ सुरू होऊन काही मिनिटे होतात न होतात तोच त्याच्या पायाचे हाड मोडले आणि वर्षभर त्या जागेची मिनिटे कशीबशी भरली गेली. २८ मार्च २०२५ रोजी इंडियानापोलिसमध्ये ह्यूस्टनविरुद्ध ६०-६० अशी बरोबरी असताना दोन सेकंदांहून किंचित अधिक वेळ उरला होता. ओक्लाहोमातून आलेल्या मिलोश उझानने सीमारेषेबाहेरून चेंडू ह्यूस्टननेच घडवलेल्या जोसेफ टगलरकडे टाकला आणि स्वतः बास्केटकडे धावला. टगलरने तो लगेच परत केला, आणि उझानने तो आत सोडला तेव्हा घड्याळात ०.९ सेकंद होते.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये पर्ड्यूने साउथ डकोटा स्टेटचा ऑस्कर क्लफ हा ऑस्ट्रेलियन सेंटर घेतला. तिथे दर सामन्यात त्याचे १२ हून अधिक रिबाउंड होते, आणि हा आकडा चौथ्या पायरीतल्या गाळणीतून खाली उतरतो. २०२५-२६ साठी वहीत सेंटरच्या जागेवर दोन ओळी झाल्या. क्लफच्या नावापुढे ‘उरलेले हंगाम : १’ असे लिहिले, आणि त्याखाली, दुखापतीचे वर्ष मोजले न गेल्यामुळे, जेकबसनच्या नावापुढे ‘४’.